पनामाची एक सुट्टी

"मिळेल, बसा."

रजेचा अर्ज घेऊन कुणीही टेबलासमोर उभं राहिलं की ते आधी एवढंच म्हणायचे. अर्ज हातात घेण्याआधी, कारण ऐकण्याआधी. मग समोरच्या खुर्चीवरच्या फायली उचलून जमिनीवर ठेवायचे, माणूस नीट टेकेपर्यंत थांबायचे आणि चष्मा पुसत विचारायचे, "हां. आता सांगा, काय झालं?"

रजा मिळायचीच असं नाही. मंजूर करणारा मुदीर आत काचेच्या केबिनमध्ये बसायचा. आखातात मॅनेजरला सगळे मुदीरच म्हणतात. यांच्या हातात फक्त अर्ज नीट भरून आत नेणं होतं. पण आठ-नऊ वर्षं मी त्यांच्या शेजारच्या टेबलावर बसले, आणि रजा नाकारली गेलेला माणूससुद्धा त्यांच्यावर चिडलेला मी पाहिला नाही. पुष्कळांना बसून बोलायला मिळालं एवढंच पुरायचं.

आमची कंपनी जहाजांना सामान पुरवते. दोरखंड, रंग, तांदूळ, साबण, जे लागेल ते. ऑफिस कुवेतमधल्या फहाहीलला, बाजाराच्या मागच्या रस्त्यावर. मी रोज जवळच्या मंगफहून येते. मी मूळची साताऱ्याची. ते रायगडचे, श्रीवर्धनच्या बाजूच्या एका खाडीकाठच्या गावातले कोकणी मुसलमान. ऑफिसात मराठी बोलणारे आम्ही दोघंच, त्यामुळे टेबलं शेजारी मांडली गेली ती कायमचीच. त्यांचं नाव मी इथे लिहीत नाही, त्यांना आवडलं नसतं. ऑफिसातले इजिप्शियन त्यांना 'अबू इजाजा' म्हणायचे. इजाजा म्हणजे रजा, तेव्हा हे रजेचे वडील. मी चाचा म्हणायचे. ते मला "बाय" म्हणायचे, त्यांच्याकडे लेकीसुनांना म्हणतात तसं.

अंगानं किडकिडीत, मेंदी लावलेली आखूड दाढी, अर्ध्या बाह्यांचा पांढरा शर्ट, खिशात दोन पेनं. बाजारामागच्या एका खोलीत आणखी दोघांबरोबर राहायचे. बायको आणि मुलं मुंब्र्याला. आई गावात, विधवा बहिणीजवळ. नव्वदीला आलेल्या त्या बाईनं गाव सोडायला साफ नकार दिला होता. मुंब्र्याच्या फ्लॅटमध्ये एकदा चार दिवस राहिली आणि पाचव्या दिवशी स्वतःच पिशवी भरून दारात जाऊन बसली, असं त्यांनी मला सांगितलं होतं.

रजेच्या कारणांवर त्यांनी कधी शंका घेतली नाही. गोदामातल्या एका फोरमननं दोन वर्षांत दोनदा आजी गेल्याची रजा घेतली. कुवेतच्या कायद्यानं जवळचं माणूस गेलं की तीन दिवस पगारी मिळतात, आणि आजी जवळच्यात धरतात. मी जुनी फाइल काढून चाचांना दाखवली. गावाचं नाव तेच, आजार तोच.

"दुसरी असेल," ते म्हणाले. "आज्या दोन असतात."

तिसऱ्या वर्षी त्या फोरमनची पुन्हा एक आजी गेली. तेव्हा मात्र ते माझ्याकडे न बघता म्हणाले, "बापाला सावत्र आई असेल." अर्ज आत गेला. मुदीरनं तो फाडला आणि नियम काढला की मृत्यूनंतर तीन दिवसांच्या आत अर्ज आला तरच ही रजा मिळेल, जुन्या मृत्यूंना नाही. पुढे ऑफिसात रजांचं ऑनलाइन पोर्टल आलं तेव्हा हा नियम त्यात घालायचं काम चाचांकडेच आलं. त्यांनी तो मुकाट्यानं घातला.

आता पनामाबद्दल सांगायला हवं. तुम्ही नकाशात पाहिलं असेल, दोन अमेरिकांच्या मधली ती अरुंद पट्टी. तिथल्या कालव्यापाशी जहाजं रांगा लावून थांबतात, आणि थांबलेल्या जहाजाला साबण लागतो, तांदूळ लागतो. म्हणून आमची एक शाखा तिथे आहे. चाळीसेक माणसं. त्यांच्या रजा आणि सुट्ट्या बघायचं काम कसं कुणास ठाऊक, फहाहीलला बसलेल्या या माणसाकडे आलं. बहुतेक इतर कुणाला नको होतं म्हणून आलं असेल.

तिथे सकाळचे आठ वाजतात तेव्हा इथे दुपारचे चार. सगळे घरी निघायच्या तयारीत असताना चाचांचं दुसरं ऑफिस उघडायचं. शुक्रवारी कुवेत बंद, पण पनामाला शुक्रवार कामाचा. तेव्हा हे जुम्म्याची नमाज पढून, जेवून, रिकाम्या ऑफिसात येऊन बसायचे. कुवेतची ईद असो की राष्ट्रीय दिवस, पनामाला त्याचं काय? पनामा चालू म्हणून हे हजर. पनामाला सुट्टी असली की कुवेत चालू, म्हणून तेव्हाही हजर. दोन देशांच्या सुट्ट्यांची यादी हा माणूस दर वर्षी सुवाच्य अक्षरात तयार करायचा, आणि दोन्हींतली एकही त्याच्या वाट्याला यायची नाही.

एका फेब्रुवारीत, पंचवीस तारखेला, कुवेतच्या राष्ट्रीय दिवशी, औषध ऑफिसातच विसरलंय असं आठवून मी ते घ्यायला गेले. त्या दिवसांत रस्त्यावर पोरं येणाऱ्या-जाणाऱ्यावर पाण्याच्या पिचकाऱ्या मारायची. चाचा चिंब शर्टात टेबलाशी बसले होते आणि पनामाच्या एका गरोदर बाईची रजा मोजत होते.

"घरी जा की, चाचा. आज सगळं बंद आहे."

"तिथं नाय बंद," ते म्हणाले. "हा देश दोनदा सुटला, एकदा इंग्रजांकडनं, एकदा इराककडनं. त्याच्या दोन सुट्ट्या. पनामापण दोनदा सुटला, एकदा स्पेनकडनं, एकदा कोलंबियाकडनं. त्याच्यापण दोन. आपली एकच."

पनामाचं त्यांना कौतुक होतं. न पाहिलेल्या देशाचं असतं तसं, निर्मळ. तिथल्या कायद्यानं अकरा महिने काम केलं की तीस दिवस पगारी रजा. "म्हणजे बारावा महिना त्यांनी माणसासाठी ठेवलाय," ते म्हणायचे. नोव्हेंबर आला की खूश व्हायचे. तीन तारखेला सुट्टी, चारला सुट्टी, पाचला, दहाला, पुन्हा अठ्ठावीसला. मी म्हणाले, यांचे गणपती आणि दिवाळी एकदमच येतात वाटतं. ते हसले आणि ते वाक्य त्यांनी तिकडच्या बाईला फोनवर इंग्रजीत समजावून सांगायचा प्रयत्न केला. ती पनामातलं ऑफिस सांभाळणारी बाई. दोघांचं इंग्रजी आपापल्या परीनं मोडकं, पण रोज अर्धा तास बोलणं चालायचं. ती त्यांना "सेन्योर" म्हणायची. त्यांना ते फार आवडायचं, पण ते कधी कबूल केलं नाही.

तर त्या यादीत आठ डिसेंबरला एक सुट्टी होती. पहिली काही वर्षं त्यांनी नुसती लिहून टाकली. मग एकदा त्या बाईला विचारलं, ही कसली? ती म्हणाली, मातृदिन. चाचांना वाटलं शाळेत असतो तसा काहीतरी. ती म्हणाली, नाही सेन्योर, राष्ट्रीय सुट्टी. सगळा देश बंद. सगळे आपापल्या आईकडे जातात.

फोन ठेवून ते माझ्याकडे वळले. "बाय, पगारी हाय," ते म्हणाले.

"काय?"

"आईची सुट्टी. पगारी हाय तिथं."

त्या दिवशी त्यांनी काम फारसं केलं नाही. आपली वर्षाची रजा कुठे जाते ते मला सांगत बसले. तीस दिवस मिळायचे. त्यातले मुंब्र्याच्या घराचे, मुलाच्या ॲडमिशनचे, मुलीच्या लग्नाचे, सासरच्यांचे, बँकेचे, डॉक्टरचे. आईच्या वाट्याला दोन दिवस, फार तर तीन, आणि त्यातही फोन वाजत राहायचा. ती तक्रार करत नसे. पण गेल्या खेपेला तिनं त्यांना त्यांच्या धाकट्या भावाच्या नावानं हाक मारली होती, आणि तो भाऊ लहानपणीच वारला होता. "विसराय लागलीय," ते म्हणाले. "अजून माझं नाव हाय तिच्याकडं, पण किती दिवस ते सांगता येत नाय." 

दुसऱ्या दिवशी ते मुदीरच्या केबिनमध्ये गेले. तेव्हाचा मुदीर इजिप्तमधल्या इस्कंदरियाचा, पोट सुटलेला, मोठ्यानं हसणारा. दार उघडं होतं आणि मी सगळं ऐकलं. चाचांनी सांगितलं की काम पनामाचं करतो, तेव्हा पनामाची एक सुट्टी मला द्या. बाकीच्या सगळ्या ठेवा. ही एक. मुदीर हसला, म्हणाला, अबू इजाजा, तू कधीपासून पनामाचा झालास? चाचा हसले नाहीत, उठलेही नाहीत. तसेच बसून राहिले. आयुष्यभर त्या केबिनमध्ये त्यांनी इतरांचे अर्ज नेऊन ठेवले होते, खुर्चीवर बसले मात्र पहिल्यांदाच. मुदीरनं शेवटी सही केली. त्यालाही आई होती, आणि तीही लांबच राहत होती.

त्या वर्षी आठ तारीख गुरुवारी आली. गुरुवार, शुक्रवार, शनिवार असे तीन दिवस झाले. बुधवारी संध्याकाळी ते विमानतळावर गेले. हातात एकच पिशवी, तिच्यात दुधाची पावडर, गुडघ्याला लावायचा बाम आणि खजूर. मुंब्र्याला त्यांनी कळवलंही नव्हतं. मुंबईला उतरून परस्पर गावची गाडी धरली. शुक्रवारचं पनामाचं काम त्या खेपेला मी केलं.

रविवारी परत आले तेव्हा मी विचारलं, आई काय म्हणाली? ते बिनदुधाच्या सुलेमानी चहाचा घोट घेऊन सांगू लागले, आणि त्यांचं सांगणं मला अजून शब्द न् शब्द आठवतं, कारण इतकं सलग ते कधी बोलले नव्हते.

आईनं विचारलं, कसली रजा? हे म्हणाले, पनामाची. ती म्हणाली, ता खय हाय? हे म्हणाले, लय लांब, दर्याच्या पलीकडं, आनी त्याच्याबी पलीकडं. ती म्हणाली, मग तू हतं माज्याकडं कसा? हे म्हणाले, तिथं आईच्या नावानं रजा देतात, पगारी, म्हणून आलो. तिनं तांदळाची भाकरी उलटली, थोडा विचार केला आणि म्हणाली, "मंग तिथंच नोकरी कर ना. कुवेतला कशाला ऱ्हातंस?"

हे सांगून ते हसले आणि मग हसणं थांबल्यावरही चेहरा तसाच राहिला. बाकी काय केलं, असं मी विचारलं. काही नाही, म्हणाले. पडवीत बसलो. तिनं दोनदा जेवायला वाढलं, एकदा वाढलेलं विसरून पुन्हा वाढलं. दोन्ही वेळा जेवलो.

पुढच्या वर्षी आठ तारीख शुक्रवारी पडली. शुक्रवारी कुवेत तसंही बंद, म्हणजे जादा दिवस हाती काही नाही. ते गेले नाहीत. त्याच्या पुढच्या वर्षी रविवारी आली, पुन्हा तीन दिवस झाले, ते गेले. त्या खेपेला आईनं त्यांना ओळखायला अर्धा दिवस लावला. "पण ओळखलं," ते म्हणाले. "दुपारी म्हणाली, अरे तूच ना."

त्यानंतरच्या वर्षात ऑफिसात बरंच बदललं. जुना मुदीर गेला, तरुण मुदीर आला, त्याच्याबरोबर ते पोर्टल आलं. प्रत्येक शाखेनं आपापल्या रजा आपणच बघायच्या असं ठरलं. पनामाचं काम पनामाला गेलं. शेवटच्या फोनवर त्या बाईनं चाचांना विचारलं, या वर्षीही आईकडे जाणार ना, सेन्योर? हे "येस, येस" म्हणाले. पण पनामाचं काम नाही तर पनामाची सुट्टी कशी राहणार? नव्या मुदीरला त्यांनी विचारलंही नाही. मी म्हणाले, विचारून तर बघा. ते म्हणाले, "हक्क कामाचा होता. काम गेलं." यात राग नव्हता, खंतही ऐकू येत नव्हती. पोर्टलमध्ये तीनशे माणसांच्या जुन्या रजा भरायच्या होत्या, त्या ते भरत राहिले.

त्यांची वर्षाची रजा मात्र शिल्लक होती. त्यांनी ठरवलं होतं की आठ तारीख सोमवारी आहे, मागचा-पुढचा आठवडा आपल्या रजेतून घ्यायचा आणि पूर्ण आईजवळ राहायचं. हे मला माहीत होतं. बहिणीचा फोन आला होता की आता आई दिवसभर झोपूनच असते. हेही मला माहीत होतं. भरलेला अर्ज त्यांच्या ड्रॉवरमध्ये होता, फक्त पुढे पाठवायचा होता.

आणि तेव्हाच माझ्या भावाचा पुण्याहून फोन आला. नवा फ्लॅट, वास्तुशांत सात डिसेंबरला, ताई तू यायलाच हवंस. आमच्या सेक्शनमध्ये आम्ही दोघंच, आणि डिसेंबरात दोघांपैकी एकानं हजर राहायचं हा नियम. मी त्यांच्या टेबलासमोर जाऊन उभी राहिले.

"मिळेल, बस," ते म्हणाले. खुर्चीवरच्या फायली खाली ठेवल्या.

मी वास्तुशांतीचं सांगितलं. मग म्हणाले, "पण चाचा, तुम्हाला तेव्हाच जायचं असेल ना?"

त्यांनी विचारलं, "मुहूर्त हलेल?"

"नाही हो. गुरुजींनी काढून दिलाय."

हे मी भावाला विचारलं नव्हतं. पुढे महिनाभरानं तो बोलता बोलता म्हणाला की मुहूर्त जानेवारीतलेही होते, पण ताई तुला नाताळाच्या आधी तिकीट स्वस्त पडेल म्हणून हा धरला. मी एक फोन केला असता तर. पण मी केला नाही, कारण मला जायचं होतं.

"मग तू जा," चाचा म्हणाले. "आय काय, घरातच हाय. मी जानेवारीत जातो."

"नक्की ना?"

"नक्की."

'हो' ऐकण्यासाठीच विचारलेला प्रश्न होता तो. तुम्हीही असे विचारले असतील. मी त्यांच्या ड्रॉवरकडे पाहिलं नाही. 

पाच तारखेला, शुक्रवारी मी निघाले. रविवारी वास्तुशांत झाली, बुंदीचे लाडू झाले, फोटो झाले. तिथून मी साताऱ्याला आईकडे गेले आणि राहिले. अठरा तारखेला, गुरुवारी सकाळी ऑफिसात हजर झाले. हातात कंदी पेढ्यांचा खोका होता. चाचा नेहमीसारखे बसले होते, पांढरा शर्ट, दोन पेनं. दाढीला बरेच दिवस मेंदी लावलेली नव्हती, पण ते मला नंतर आठवलं.

त्यांनी एक पेढा घेतला, खाल्ला. घर केवढं आहे, किती खोल्या आहेत, पाणी चोवीस तास येतं का, सगळं विचारलं. माझी लेक सोबत आली होती का, ती मामाशी मराठीत बोलली की इंग्रजीत, तेही विचारलं. मग ड्रॉवर उघडून एक कागद माझ्यापुढे सरकवला.

"हा एक चढव पोर्टलवर. मना माझाच माझा चढवता येत नाय, दुसऱ्यानं चढवायचा असतो."

जवळच्या माणसाच्या मृत्यूचा फॉर्म होता. त्यांच्याच सुवाच्य अक्षरात. नातं, आई. तारीख, नऊ डिसेंबर.

मी त्यांच्याकडे पाहिलं. पेढ्याचा खोका उघडाच होता.

"मंगळवारी सकाळी," ते म्हणाले. "बहीण चहा घेऊन गेली, तर उठली नाय."

"मला फोन का नाही केलात?"

"तुझी रजा मंजूर होती."

"निदान मुदीरला तरी सांगायचं."

"त्याला सांगितलं असतं तर त्यानं तुला बोलावलं असतं. नियम हाय." ते चष्मा पुसू लागले. "आणि त्याच दुपारी असरच्या नमाजनंतर दफन झालंच. मी काय पोचणार होतो?"

म्हणजे नऊ दिवस हा माणूस रोज आठला येऊन टेबलाशी बसला होता. इतरांना "मिळेल, बसा" म्हणाला होता. खोलीतल्या दोघा सोबत्यांनासुद्धा बजावून ठेवलं होतं की बाजारात कुठे बोलू नका, ऑफिसात पोचेल. घरच्यांना सांगितलं होतं, माणूस आलं की येतो. ते माणूस म्हणजे मी. मी रडायला हवं होतं, पण मला काहीच होईना. मी पोर्टल उघडलं, कारण दुसरं काय करायचं ते कळत नव्हतं.

नाव भरलं, नातं भरलं, तारीख भरली. पडद्यावर लाल ओळ आली. तीन दिवसांपेक्षा जुनी तारीख घेता येत नाही.

त्यांनी वाकून वाचलं. "बरोबर हाय," ते म्हणाले. "मीच घातलाय तो." आणि फॉर्म परत घ्यायला हात पुढे केला. "राहू दे मग. मी जानेवारीत माझ्या रजेतून जातो."

मी तो हात बाजूला केला. इतक्या वर्षांत मी त्यांना पहिल्यांदा स्पर्श केला. नऊ खोडून अठरा लिहिलं आणि बटण दाबलं. लाल ओळ गेली.

त्यांनी पुन्हा वाकून वाचलं. मला वाटलं, आता म्हणतील, हे चुकीचं आहे, काढ. तीनशे माणसांच्या तारखा त्यांनी एकही चूक न करता भरल्या होत्या. त्यांनी फक्त विचारलं, "आज कोण वार?"

"गुरुवार."

"शुक्र-शनि जोडून पाच दिवस होतात," ते म्हणाले. कुणाही अर्जदाराला सांगायचे तशाच आवाजात.

मुदीरनं त्याच्या फोनवरून पाच मिनिटांत मंजुरी दिली. पोर्टल मंजुरीबरोबर सगळ्या ऑफिसला आपोआप कळवतं. तेवढ्यात लोक यायला लागले. इजिप्शियन आले, केरळचे आले, गोदामातून तो आज्यांवाला फोरमनही आला. प्रत्येकासाठी ते उठून उभे राहत होते. कुणी गळ्यात पडत होतं, कुणी दोन्ही हात धरत होतं. कुणीतरी विचारलं, आज सकाळीच का? त्यांनी मान हलवली. पुन्हा कुणी विचारलं, पुन्हा हलवली. असं सात-आठ जणांचं झाल्यावर ते खाली बसले, माझ्याकडे वळून म्हणाले, "बाय, थोडं पानी दे." मी पाणी दिलं. ग्लास त्यांना धरता येईना, म्हणून मी धरला. नऊ दिवसांत ते रडले नव्हते, असं त्यांच्या सोबत्यानं मला पुढे सांगितलं. त्या दुपारी रडले, सगळ्यांसमोर, आवाज न करता, आणि कुणीही त्यांना गप्प केलं नाही.

त्याच संध्याकाळी ते निघाले. बुधवारी बरोबर आठला हजर झाले. कबर कुठे आहे, पाऊस झाल्यावर माती बसेल, मग बांधू, एवढं बोलले. त्यानंतर आमच्यात तो विषय निघाला नाही. फेब्रुवारीत त्यांना साठ पूर्ण झाली, कुवेतमधला कामाचा परवाना पुढे वाढला नाही, आणि मार्चमध्ये ते कायमचे गेले. निरोपाच्या दिवशी मी त्यांना भावाच्या मुहूर्ताचं खरं सांगायचं ठरवलं होतं. केक कापला गेला, फोटो निघाला, आणि मी सांगितलं नाही. सांगून मलाच हलकं वाटलं असतं.

त्यांच्या जागेवर कुणी आलेलं नाही. अर्ज आता लोक फोनवरूनच भरतात. समोरची खुर्ची कुणीतरी मीटिंगच्या खोलीत नेली.

पोर्टलवर एकदा चढलेली तारीख बदलता येत नाही. ती बदलायची सोय चाचांनीच ठेवली नव्हती. त्यामुळे आमच्या कंपनीच्या नोंदीत त्यांची आई अठरा डिसेंबरला गेली, आणि यापुढेही अठरालाच गेलेली राहील. खरी गेली त्याच्यापेक्षा नऊ दिवस ती तिथे जास्त जगली आहे. ते नऊ दिवस मी साताऱ्याला होते. माझी आई रोज सकाळी उशाशी येऊन विचारायची, आज काय करू गं तुझ्यासाठी, आणि मी डोळे न उघडताच सांगायचे.